उंदरांवरचे प्रयोग वाचून सासऱ्यांची नैराश्यावरची गोळी बंद करावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सासऱ्यांचं वय ७६, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. दीड वर्षापूर्वी अल्झायमरचं निदान झालं, स्मृतीसाठीचं डोनेपेझिल हे औषध चालू आहे. मध्यंतरी ते उगाच रडू लागले, जेवण कमी झालं, रात्री घरात येरझाऱ्या सुरू झाल्या, म्हणून डॉक्टरांनी नैराश्यावरचं एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम दिलं. गोळी सुरू झाल्यावरच्या तपासणीत स्मृती अजून खालावल्याचं निघालं. त्यानंतर तुमच्या यजमानांनी मोबाइलवर वाचलं, की डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) उंदरांना नैराश्यावरची औषधं दिली तर वाईट परिणाम होतात. तुम्ही शोधायला गेलात तर नेमकं उलट सापडलं: याच औषधांनी उंदरांच्या मेंदूतलं अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन, कमी झालं. आता यजमान म्हणतात गोळी बंद करू, आणि दीर म्हणतात डोस वाढवून घेऊ.

माझं उत्तर आधीच सांगते: उंदरांच्या भरवशावर यातलं काहीही करू नका. पण 'डॉक्टरांवर विश्वास ठेवा' एवढं सांगून मी थांबणार नाही, कारण तुमच्या घरात जी शंका निघाली ती रास्त आहे. फक्त ती चुकीच्या जागी जाऊन उभी राहिली आहे. सासऱ्यांना या गोळीचा धोका असू शकतो. तो धोका उंदरांच्या प्रयोगात दिसला त्या प्रकारचा नसेल. उंदरांच्या प्रयोगात कधी दिसूच शकत नाहीत असे धोके माझ्या ओपीडीत मला दिसतात.

मी सोलापुरात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. शिकत असताना औषधशास्त्राच्या प्राणिगृहात उंदरांवर काम केलेलं आहे, आणि आता बराचसा वेळ वयस्कर रुग्णांमध्ये जातो. सासऱ्यांना मी तपासलेलं नाही. त्यांचा ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, बाकीच्या गोळ्या मला माहीत नाहीत, आणि खालच्या बऱ्याच गोष्टी त्यावरच अवलंबून आहेत. त्यामुळे हे वाचून त्यांच्या डॉक्टरांना काय विचारायचं ते ठरवा. गोळीत बदल मात्र त्यांनाच करू द्या.

आधी दीर ज्यावर विसंबतात ती, तुम्हाला सापडलेली बातमी घेऊ, कारण ती खोटी नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढवणारी औषधं (सासऱ्यांची गोळी याच गटातली) दिल्यावर अल्झायमरच्या उंदरांच्या मेंदूत अमायलॉइड-बीटा नावाच्या प्रथिनाचं प्रमाण घटतं. २०१४ मध्ये त्यांनी पुढचा प्रयोग केला. उंदरांना वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम या हिशोबाने सिटालोप्राम (एस्सिटालोप्रामचं जवळचं भावंड) २८ दिवस दिलं. मेंदूतल्या अमायलॉइडच्या जुन्या गाठी वाढायच्या थांबल्या आणि नव्या गाठी ७८ टक्क्यांनी कमी झाल्या. त्याच अभ्यासात निरोगी तरुण माणसांना ६० मिलिग्रॅम सिटालोप्राम एकदा देऊन मणक्यातलं पाणी तपासलं, तर त्यातलं अमायलॉइड साधारण ३८ टक्के कमी भरलं. पाहणाऱ्याला आशा वाटावी असेच हे आकडे आहेत.

मग २०२० मध्ये हीच चाचणी निरोगी वयस्कर माणसांवर झाली. ११४ जण होते, औषध एस्सिटालोप्राम, डोस २० ते ३० मिलिग्रॅम, कालावधी दोन ते आठ आठवडे. औषध न घेणाऱ्यांच्या तुलनेत घट भरली ९.४ टक्के. म्हणजे उंदरात नव्या गाठी ७८ टक्क्यांनी घटल्या, तरुणांच्या मणक्यातल्या पाण्यात ३८ टक्के घट आली, आणि वयस्करांमध्ये ती नऊवर येऊन थांबली. या तीन गोष्टींची मोजणी एकच नाही, त्यामुळे आकडे सरळ एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. तरी उंदराकडून म्हाताऱ्या माणसाकडे येताना परिणाम किती विरळ होतो, ते यातून कळतं. शिवाय ही सगळी माणसं निरोगी होती. ज्याच्या मेंदूत आधीच गाठी साचल्या आहेत आणि स्मृती गेली आहे, अशा माणसाची स्मृती या औषधाने परत आली, असं त्यातल्या कुठल्याही प्रयोगाने दाखवलेलं नाही. उंदरांतही सगळीकडे सारखं चित्र नाही. २०१७ मध्ये अशाच जातीच्या उंदरांना आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात एस्सिटालोप्राम दिलं, तेव्हा अमायलॉइडवर फारसा फरक पडला नाही.

असं का होतं, ते समजायला हा 'डिमेन्शियाचा उंदीर' म्हणजे काय ते पाहावं लागेल. उंदराला आपोआप अल्झायमर होत नाही. माणसाच्या काही कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या अगदी लवकर, चाळिशी-पन्नाशीत अल्झायमर होतो. त्यांच्या जनुकांतले दोष उचलून उंदरात घातले जातात. एपीपी आणि पीएस१ ही दोन जनुकं घातलेला उंदीर खूप वापरला जातो. २००३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेल्या 'ट्रिपल' उंदरात टाऊ नावाच्या प्रथिनाचाही दोष घातलेला असतो. ५एक्सएफएडी या जातीत पाच दोष एकदम असतात आणि दोन महिन्यांच्या वयातच गाठी दिसू लागतात. तुमच्या सासऱ्यांना पंच्याहत्तरीत झालेला आजार या जनुकदोषांतून आलेला नसतो. असे दोष अल्झायमरच्या शंभरात एकाही रुग्णात सापडत नाहीत. बहुतेक उंदरांमध्ये गाठी भरपूर होतात, पण मेंदूच्या पेशी माणसाइतक्या मरत नाहीत. त्या उंदराला साखर नसते, बीपी नसतं, आधी होऊन गेलेला छोटा पक्षाघात नसतो, बायको गेल्याचं दुःख नसतं. त्याला नैराश्यही नसतं. नैराश्य नसलेल्या प्राण्याला नैराश्याचं औषध देऊन आपण फक्त औषध आणि अमायलॉइड यांचा संबंध पाहतो. औषध मेंदूत कसं काम करतं हे शोधण्यासाठी असा उंदीर उत्तम आहे. तुमच्या घरातला निर्णय घ्यायला पुरेसा नाही.

आता यजमानांची बातमी. 'उंदरांवर वाईट परिणाम' हे वाक्य वाचलं की मी आधी विचारते, तो परिणाम मोजला कशाने? स्मृतीसाठी बहुतेक वेळा मॉरिस यांनी १९८०च्या दशकात रूढ केलेली पाण्याच्या हौदाची चाचणी वापरतात. गोल हौदात पाणी गढूळ करतात, पाण्याखाली एक लपलेला चौथरा असतो. भिंतीवरच्या खुणा पाहून उंदराने तो चौथरा रोज लवकर शोधायला शिकायचं. न सापडला तर स्मृती गेली, असा अर्थ लावतात. पण चौथरा न सापडण्याची कारणं पुष्कळ. काही जातींच्या उंदरांत डोळ्याच्या पडद्याचा जन्मजात दोष असतो, त्यांना खुणा दिसतच नाहीत, आणि आंधळा उंदीर कागदावर विसराळू ठरतो. म्हणूनच चांगल्या प्रयोगशाळा आधी चौथऱ्यावर झेंडा लावून उंदराला दिसतं की नाही ते तपासतात. प्रयोगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या काळ्या उंदरांची ऐकण्याची शक्ती वयाबरोबर जाते. उंदीर रात्री जागणारा प्राणी, आणि आपण त्याची परीक्षा घेतो दिवसा. काहींना पोहायला नको असतं, ते नुसते तरंगत राहतात.

यात नैराश्यावरचं औषध घातलं की गुंता वाढतो. ही औषधं उंदराची भीती कमी करतात. घाबरलेला उंदीर हौदाच्या कडेकडेने पोहत राहतो. भीती कमी झाली की तो आत येतो, आणि चौथरा कडेपासून आत असल्यामुळे त्याला तो लवकर सापडतो. स्मृती सुधारली असं दिसतं, प्रत्यक्षात फक्त भीती गेलेली असते. उलटही होतं. औषधाने पोहण्याचा वेग बदलला तर स्मृती बिघडल्याचा भास होतो. रोज सुई टोचणं हाच उंदराला ताण आहे. पाण्यातून औषध द्यायचं म्हटलं तर चव बदलते, पाणी कमी प्यायलं जातं, डोस किती गेला हे नक्की सांगता येत नाही. या जनुकं बदललेल्या उंदरांमध्ये फिट येण्याचं आणि अचानक मरण्याचंही प्रमाण जास्त असतं. म्हणून औषध घेतलेल्या उंदरांपैकी काही मेले, तर औषध न घेतलेले त्याच जातीचे किती मेले हे पाहिल्याशिवाय औषधाला दोष देता येत नाही. बातमीत एवढं लिहिलेलं नसतं.

हौदाची गोष्ट मी लांबवली त्याला कारण आहे. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत हाच घोटाळा होऊ शकतो. यंत्रमागाच्या खटखटाटात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसांचे कान गेलेले असतात. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, घराघरात मी हे पाहते. तुम्ही लिहिलंय की घरी तेलुगू बोलता. गोळी सुरू केल्यानंतर 'स्मृती अजून खालावली' असं ज्या तपासणीत निघालं, ती कुठल्या भाषेत झाली? प्रश्न मराठीत, तोंडाला मास्क लावून, बाहेर गर्दी असताना विचारले असतील, तर त्यांना प्रश्न ऐकूच आला नसेल. मी अशा रुग्णांची तपासणी शक्य असेल तेव्हा तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्याकडून, शांत खोलीत, समोर बसून करून घेते. गुण बदलतात. आधी कानांची तपासणी करून घ्या, कानात मळ असेल तर काढून घ्या. ऐकू न येणं हा डिमेन्शियाचा टाळता येण्यासारखा धोका म्हणून आता जगभर मान्य आहे, आणि तो दूर करायला कुठल्याही मेंदूच्या गोळीइतकंच महत्त्व मी देते.

आता उंदरात दिसत नाहीत असे धोके. या औषधांचा सर्वांत नेहमीचा त्रास म्हणजे पहिल्या एक-दोन आठवड्यांतली मळमळ. उंदराला उलटी होतच नाही, त्याच्या शरीरात ती सोयच नाही. म्हणजे सर्वांत साधा दुष्परिणामसुद्धा तिथे थेट दिसत नाही. सासऱ्यांचं जेवण आधीच कमी झालं होतं, म्हणून मळमळीकडे लक्ष ठेवा आणि गोळी जेवणानंतर द्या. तोल जाऊन पडणं हा दुसरा. ही औषधं घेणारे वृद्ध जास्त पडतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. चार पायांवर चालणारा उंदीर पडला तरी त्याच्या खुब्याचं हाड मोडत नाही. आपल्याकडे रात्री मोरीत जाताना घसरून खुबा मोडला, की त्यानंतरचे सहा महिने स्मृतीपेक्षाही वाईट जातात.

तिसरं हृदय. उंदराचं हृदय मिनिटाला ५०० ते ६०० वेळा धडधडतं, आणि प्रत्येक ठोक्यानंतर विद्युतभार पूर्ववत होण्यासाठी ते माणसापेक्षा वेगळे पोटॅशियमचे मार्ग वापरतं. सिटालोप्राम आणि एस्सिटालोप्राम माणसात नेमका जो मार्ग थोडा अडवतात, त्याला प्रौढ उंदराच्या हृदयात फारसं महत्त्वच नाही. त्यामुळे ईसीजीवरचं क्यूटी अंतर (ठोका सुरू झाल्यापासून विद्युतभार पूर्ववत होईपर्यंतचा वेळ) लांबणं हा या औषधांचा ओळखीचा धोका उंदरात दिसत नाही. तो पाहायला संशोधक गिनीपिग, ससा किंवा कुत्रा वापरतात. क्यूटीच्या या धोक्यामुळेच अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११-१२ मध्ये साठीपुढच्या माणसांना सिटालोप्राम दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर देऊ नये असं सांगितलं. एस्सिटालोप्रामसाठी पासष्टीपुढे १० मिलिग्रॅम ही मर्यादा अनेक देशांत पाळली जाते. सासरे आधीच त्या मर्यादेवर आहेत. वर डोनेपेझिल आहे, जे नाडी मंद करतं आणि क्यूटीवरही थोडा परिणाम करतं. दोन्ही एकत्र देता येतात, मीही देते, पण आधी ईसीजी पाहून आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाहून. त्यांचा ईसीजी झाला नसेल तर या आठवड्यातच करून घ्या.

चौथ्या धोक्यावर मला जास्त वेळ थांबायचंय, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात तो माझ्यासमोर सर्वांत जास्त येतो. रक्तातलं सोडियम कमी होणं. सेरोटोनिन वाढवणारी औषधं काही वृद्धांच्या शरीरात पाणी धरून ठेवतात आणि सोडियम पातळ होतं. बहुतेक वेळा हे पहिल्या दोन ते चार आठवड्यांत होतं. वय जास्त, वजन कमी आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शक्यता आणखी वाढते. आपल्याकडे बीपीची पुष्कळ औषधं जोडगोळीच्या रूपात असतात. पट्टीवर टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनच्या नावापुढे 'एच' अक्षर दिसलं तर त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड आहे, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. वर बीपी आहे म्हणून घरच्यांनी मीठ तोडलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की घाम येतो, भूक मरते, आणि तहान भागवायला माणूस नुसतं पाणी पीत राहतो. सोडियम १३५ च्या खाली, मग १३० च्या खाली उतरतं. माणूस सुस्त होतो, चालताना झोकांड्या जातात, बोलण्यात असंबद्धपणा येतो, कधी फिटही येते. घरचे म्हणतात, 'आजार वाढला.' आजार वाढलेला नसतो, रक्तातलं मीठ कमी झालेलं असतं, आणि ते वेळेत कळलं तर बरंचसं पूर्ववत येतं. गोळी सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी आणि साधारण महिन्याने एकदा सोडियम तपासावं, असं मी प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या चिठ्ठीवर लिहून देते. सासऱ्यांचं तपासलं का? बीपीची गोळी कुठली आहे, ते तुमच्या प्रश्नात नाही. पट्टी उलटी करून बघा.

पाचवा धोका: ते घेतायत ती गोळी नक्की कुठली? तुम्ही एस्सिटालोप्राम लिहिलंय. पण आपल्या बाजारात एस्सिटालोप्रामसोबत क्लोनाझेपाम हे गुंगी आणणारं औषध असलेली एकत्र गोळी फार चालते. झोप येत नाही, बेचैन आहे म्हटलं की तीच दिली जाते. क्लोनाझेपाममुळे वृद्ध माणूस सुस्तावतो, तोल जातो आणि नवीन गोष्टी लक्षात राहणं आणखी कमी होतं. रात्री बाथरूमला उठून पडण्याचा धोका दुप्पट-तिप्पट वाटावा, इतका फरक मी रुग्णांत पाहिला आहे. उंदराच्या प्रयोगात एका वेळी एक औषध देतात, तुमच्या सासऱ्यांना कदाचित सात-आठ गोळ्या असतील. गोळीमुळे स्मृती बिघडली असं यजमानांना वाटत असेल, तर मला आधी संशय त्या एकत्र गोळीतल्या दुसऱ्या औषधावर येईल. तसंच रक्त पातळ करायची अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर या औषधाबरोबर पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौच काळी, डांबरासारखी होत असेल तर लगेच दाखवा. गुडघेदुखीसाठी कुणी ट्रामाडॉल हे वेदनाशामक दिलं असेल तर तेही सांगा. दोन्ही एकत्र आली की सेरोटोनिनचा अतिरेक होऊन थरथर, घाम, ताप आणि गोंधळ होऊ शकतो.

आता उंदीर वाचायचे कसे, याचं एक उदाहरण देते. स्कोपोलामिन नावाचं औषध मेंदूतला अ‍ॅसिटिलकोलिनचा, म्हणजे स्मृतीला लागणाऱ्या एका रसायनाचा, मार्ग अडवतं. उंदराला ते टोचलं की थोड्याच वेळात तो विसराळू होतो, आणि नवीन औषध स्मृती वाचवतं का हे पाहायला आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांतही हीच पद्धत सर्रास वापरतात. अमिट्रिप्टिलिन हे नैराश्याचं जुनं औषध हाच मार्ग अडवतं. मग ते डिमेन्शियाच्या माणसाला देऊ नये हे उघड आहे, आणि वृद्धांसाठीच्या औषधांच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या यादीत ते टाळायला सांगितलेलं आहेच. तरीही २०११ मध्ये वयस्कर 'ट्रिपल' उंदरांना अमिट्रिप्टिलिन दिलं, तर त्यांची स्मृती सुधारल्याचं दिसलं. नवीन पेशी तयार झाल्या, मेंदूचं खतपाणी समजल्या जाणाऱ्या प्रथिनांची वाढ झाली. एकच औषध, एका प्रकारच्या प्रयोगावरून नको म्हणावं असं आणि दुसऱ्यावरून द्यावंसं वाटावं असं. दोन्ही प्रयोग प्रामाणिक आहेत. माणसाच्या बाबतीत तिसरी साक्ष लागते, म्हणजे माणसांवरच्याच चाचण्या. सासऱ्यांना झोपेसाठी किंवा पायांच्या जळजळीसाठी कुणी अमिट्रिप्टिलिन दिलेलं असेल, तर ते बदलता येईल का, हे त्यांच्या डॉक्टरांना नक्की विचारा.

त्या साक्षीबद्दल मला सांगताना बरं वाटत नाही, पण तुम्ही मोकळेपणाने विचारलंत म्हणून सांगते. ब्रिटनमध्ये डिमेन्शिया असलेल्या ३२६ नैराश्यग्रस्त रुग्णांना सर्ट्रालिन किंवा मिर्टाझापिन ही नैराश्यावरची औषधं किंवा औषध नसलेली खोटी गोळी दिली. २०११ मध्ये निकाल आला: दोन्ही औषधांनी खोट्या गोळीपेक्षा नैराश्य जास्त कमी झालं नाही, आणि त्रास मात्र सर्ट्रालिनवर ४३ टक्के, मिर्टाझापिनवर ४१ टक्के, खोट्या गोळीवर २६ टक्के लोकांना झाला. २०१४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या एका चाचणीचा निकाल आला: अल्झायमरमधल्या चिडचिड आणि अस्वस्थतेसाठी १८६ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना सिटालोप्राम ३० मिलिग्रॅमपर्यंत आणि बाकीच्यांना खोटी गोळी दिली होती. सिटालोप्राम घेणाऱ्यांची अस्वस्थता खरोखर कमी झाली, घरच्यांना आराम पडला. पण तीस गुणांच्या स्मृतिपरीक्षेत सुमारे एक गुण घटला आणि क्यूटी सरासरी १८ मिलिसेकंदांनी लांबलं. २०२५ मध्ये स्वीडनच्या १८,७४० रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास आला, की ही औषधं घेणाऱ्यांची स्मृती जरा जास्त वेगाने खालावते. माझ्या अंदाजाने यजमानांनी वाचलेली बातमी या अभ्यासाची सावली असावी, मध्येच कुठेतरी त्यात उंदीर शिरले. पण तो अभ्यास नोंदींचा होता. ज्यांचा आजार वेगाने वाढतो तेच जास्त बेचैन होतात आणि त्यांनाच ही गोळी मिळते. गोळीने आजार वाढवला की आजार वाढत होता म्हणून गोळी आली, हे नोंदींवरून वेगळं काढता येत नाही.

मग हे सगळं असूनही मी गोळी बंद करा असं का म्हणत नाही? कारण बंद करण्याचीही चाचणी झालेली आहे. नॉर्वेत, नर्सिंग होममधल्या डिमेन्शियाच्या १२८ रुग्णांपैकी निम्म्यांची चालू असलेली गोळी थांबवली. २०१२ मध्ये निकाल आला, गोळी थांबवलेल्यांमध्ये उदासीची लक्षणं वाढली. म्हणजे ज्याला गोळी लागू पडली आहे, त्याची ती काढण्याची किंमत असते. शिवाय अचानक बंद केल्यास चक्कर, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं, चिडचिड, झोपमोड होते, आणि बोलू न शकणारा डिमेन्शियाचा रुग्ण ते सांगूही शकत नाही. तो नुसता ओरडतो, घरचे म्हणतात आजार बळावला.

म्हणून निर्णय अमायलॉइडवर नको, सासऱ्यांवर हवा. गोळी कशासाठी सुरू केली होती? रडणं, न जेवणं, रात्रीच्या येरझाऱ्या. या तिन्ही गोष्टी एका वहीत लिहा, रोज नाही तरी दोन दिवसांआड. किती जेवले, रडले का, रात्री कितीदा उठले, पडले का. वहीत भाकरीच्या हिशोबाने लिहिलंत तरी चालेल. 'अर्धी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली' हे मला 'भूक सुधारली' यापेक्षा जास्त सांगतं. वयस्कर माणसात या औषधाचा गुण यायला सहा ते आठ आठवडे, कधी बारासुद्धा लागतात. त्या वेळेला वही घेऊन डॉक्टरांकडे जा. जेवण वाढलं असेल, रडणं थांबलं असेल, सोडियम आणि ईसीजी चांगले असतील, तर मी ती गोळी काही महिने चालू ठेवेन आणि मग पुन्हा पाहीन. काहीच फरक पडला नसेल, तर मी ती हळूहळू कमी करून थांबवेन, १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणून, दोन ते चार आठवडे तिथे ठेवून. वाट पाहायला मला हरकत नाही, पण 'सवय लागली म्हणून चालू' असं वर्षानुवर्षं मला चालत नाही.

रात्रीच्या येरझाऱ्यांबद्दल आणखी एक. डोनेपेझिल रात्री घेतलं तर काहींना भडक स्वप्नं पडतात आणि झोप मोडते. ते सकाळी घ्यायला सांगितलं, की काहींची रात्र नुसत्या तेवढ्यानेच शांत होते. तुमच्या डॉक्टरांना हे विचारा. मागावर रात्रपाळी केलेल्या माणसाचं शरीर कित्येक वर्षं रात्री जागायला शिकलेलं असतं, हेही विसरू नका. सकाळी उन्हं चढायच्या आधी सिद्धेश्वर तलावाच्या काठी किंवा जवळच्या कुठल्याही बागेत त्यांना अर्धा तास उजेडात फिरवून आणलंत तर झोपेला मदत होईल.

दिरांना मात्र स्पष्ट सांगा, डोस वाढवायचा नाही. उंदरांना दिलेला १० मिलिग्रॅम प्रति किलो हा डोस माणसाच्या हिशोबात आणायला साधारण १२ ने भागतात. साठ किलोच्या माणसाला तो दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या आसपास सिटालोप्राम होतो, म्हणजे त्यांच्या वयासाठी सांगितलेल्या २० च्या मर्यादेच्या अडीच पट. उंदराचं यकृत औषध माणसापेक्षा फार लवकर बाहेर काढतं, म्हणून हा हिशोबही ढोबळच आहे. २०२० च्या अभ्यासातला २० मिलिग्रॅम एस्सिटालोप्राम हासुद्धा त्यांच्यासाठी सांगितलेल्या मर्यादेच्या दुप्पट होईल. त्यातून मिळेल ती नऊ टक्क्यांची घट, तीही निरोगी माणसांतली.

पुढच्या भेटीला जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घाला, मेडिकलमधून स्वतः आणलेल्या सर्दीच्या आणि झोपेच्याही. सोडियमचा रिपोर्ट आणि ईसीजी सोबत ठेवा. मधल्या काळात ते अचानक सुस्तावले, एक-दोन दिवसांत बोलणं असंबद्ध झालं, चक्कर येऊन पडले किंवा शौच काळी झाली, तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा की ते एस्सिटालोप्रामवर आहेत.